कोट्टिवाक्कमचे मिशिन सार

चेन्नईत कोट्टिवाक्कमच्या किनाऱ्याजवळ आमची इमारत आहे. तिथे दुसऱ्या मजल्यावर राहणारे रघूत्तमराव समुद्रात पाऊल टाकायच्या आधी वीस मिनिटं नुसते समुद्राकडे बघत उभे राहतात. घड्याळ लावून. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात नारिंगी लाइफ जॅकेट, गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे जुने बूट. एका हातात मेटल डिटेक्टर आणि दुसऱ्या हातात दोरी. दोरीच्या टोकाला वीस लिटरचा रिकामा पाण्याचा कॅन, झाकण घट्ट लावलेला. सकाळी फिरायला आलेली माणसं आधी समुद्राकडे बघतात, मग रावांकडे बघतात, आणि मग समुद्राकडे परत वळायचं विसरतात. वीस मिनिटं झाली की राव एक तर पाण्यात उतरतात, नाही तर वळून घरी येतात. घरी येण्याचे दिवस जास्त.

"पहिलें पाहा, मग पाय," हे त्यांचं ब्रीदवाक्य. दुसरं, "समुद्र कोणाचा मामा नव्हे." मी त्यांना मामाच म्हणतो. तरीही हे वाक्य ते मला रोज ऐकवतात, तेव्हा त्याचा अर्थ मी माझ्यापुरता काय लावायचा हे अजून ठरलेलं नाही.

मी मूळचा कऱ्हाडचा. शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करतो, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका पगार घेऊन शोधतो. चेन्नईत आलो तेव्हा जिन्यात राव भेटले. दारावरची माझी पाटी वाचून थांबले आणि म्हणाले, "मराठी काय? बरें जाहलें. कोठचा?" मी चाटच पडलो. ते तंजावरचे. त्यांच्या घराण्यात कोणी सात-आठ पिढ्यांत महाराष्ट्र पाहिलेला नाही, पण घरात बोलायची भाषा तीच राहिली आहे. ते 'आहे'ला 'अहे' म्हणतात, 'सांगितलं'ला 'सांगट्लें' म्हणतात, आणि मधूनच तमिळमध्ये शिरून बाहेर येतात. माझ्या मराठीला मात्र ते 'तुमची पुण्याची मराठी' म्हणतात. मी कऱ्हाडचा आहे हे मी त्यांना निदान पन्नासदा सांगितलं असेल. "तेंच तें," म्हणतात.

निवृत्तीपूर्वी राव चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका सरकारी कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. चौतीस वर्षं. नोकरी सुटली, पण सेफ्टी सुटली नाही. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारावर एक फळा आहे : 'अपघाताविना दिवस'. रोज सकाळी कॉफी झाली की त्यावरचा आकडा ते एकाने वाढवतात. एकदा शेवग्याची शेंग चिरताना बोटाला जरासं लागलं, तर तीनशेच्या पुढे गेलेला आकडा त्यांनी डोळ्यांची पापणीही न लववता शून्यावर आणला. मी म्हटलं, "मामा, एवढंसं तर कापलंय!" ते म्हणाले, "एवढेंसें आज. उदईक एवढें मोठें." त्यांनी लग्न केलेलं नाही. का, असं मी एकदा धीर करून विचारलं. जरा विचार करून म्हणाले, "रिस्क असेसमेंट केलें. पास झालें नाहीं." कोण पास झालं नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

अशा माणसाने धातू शोधायचं यंत्र घेऊन खवळलेल्या समुद्रात का जावं, हे मला बरेच दिवस कोडं होतं. कारण या छंदात एक गंमत आहे. समुद्र शांत असला की तो किनाऱ्यावर वाळू आणून टाकतो आणि हरवलेली वस्तू दोन-तीन हात खाली गाडली जाते. समुद्र बिथरला, मोठ्या लाटा आल्या, की वाळू ओरबाडून नेली जाते आणि जड वस्तू वर येतात. म्हणजे सोनं सापडायची वेळ आणि माणूस बुडायची वेळ एकच. उत्तरेकडचा वारा, इथले लोक त्याला वाडै म्हणतात, तो सुटला की रावांचे डोळे चमकतात आणि त्याच वेळी त्यांच्या कपाळावर आठ्याही पडतात. दोन्ही एकदम एकाच चेहऱ्यावर मावतात, हे बघण्यासारखं आहे.

सापडतं काय? बहुतेक सोड्याची झाकणं. मग पाच रुपयांची नाणी, किल्ल्या, विसर्जनाच्या मूर्तींबरोबर गेलेल्या पितळी घंटा, बायकांची जोडवी, पोरींचं एकेक कानातलं. हे सगळं ते मसाल्याच्या गोल डब्यात ठेवतात. मोहरीच्या वाटीत जोडवी, जिऱ्याच्या वाटीत कानातली, मेथीच्या वाटीत किल्ल्या. एकदा मी त्यांच्याकडे सांबार खाताना दाताखाली काहीतरी कडक आलं आणि क्षणभर माझा जीव वर गेला. धणा होता. सापडलेल्या वस्तूंची खबर ते किनाऱ्यावर सुंडल, म्हणजे उकडलेले मसाला चणे, विकणाऱ्या अंजलै अक्काला देतात. वस्तू हरवलेलं माणूस कधी ना कधी रडत तिच्या गाडीशी येतंच. अक्का त्याला रावांकडे पाठवते. राव त्याची पोलिसांसारखी उलटतपासणी घेतात, वस्तू देतात आणि वर अर्धा तास व्याख्यान देतात. वस्तू परत मिळाल्याच्या आनंदापेक्षा व्याख्यान संपल्याचा आनंद मोठा असतो, असं अक्का म्हणते. सगळा किनारा त्यांना 'मिशिन सार', म्हणजे मशीनवाले सर, म्हणतो, तो तिच्यामुळेच.

हे सगळं मी लांबून, मजेत बघत होतो. मग माझीच अंगठी गेली.

अंगठी वडिलांची होती. पातळ, झिजलेली, आतल्या बाजूला आईच्या नावाचं अक्षर. वडील जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून ती माझ्या बोटात होती. आईने ती स्वतः घातली होती आणि घालताना म्हणाली होती, "जप." एवढंच. आई जास्त बोलत नाही, म्हणून तिचा एकेक शब्द डोक्यावर बसतो.

झालं असं, की तै या तमिळ महिन्याच्या अमावास्येला इथे समुद्रकाठी पितरांसाठी तर्पण करायची चाल आहे. पहाटेपासून रांगाच्या रांगा बसतात आणि एकेक वाध्यार, म्हणजे इथला भटजी, माइकवरून तीस-तीस जणांचं तर्पण एकदम करवतो. मीही गेलो. दर्भाचं पवित्रक घालायचं म्हणून वाध्यारांनी बोटातलं सोनं काढायला सांगितलं. शेजारच्या आजोबांनी आपली अंगठी काढून वेष्टीच्या, म्हणजे इथल्या लुंगीवजा धोतराच्या, कमरेच्या घडीत खोचली. मीही तेच केलं. फरक एवढाच, की त्या आजोबांनी वेष्टी सत्तर वर्षं नेसलेली होती. मी आदल्या दिवशी दुकानातून चिकटपट्टीची वेष्टी आणली होती, पँटसारखी लावायची आणि काढायची. तर्पण झालं, स्नानाला पाण्यात उतरलो. पहिली डुबकी बरी गेली. दुसऱ्या डुबकीला चर्र असा आवाज झाला. तिसऱ्या लाटेला माझी वेष्टी माझ्या पुढे किनाऱ्यावर पोचली. लोक हसले, मीही हसलो. मग कमरेशी हात गेला आणि हसू थांबलं.

आई तीन आठवड्यांनी चेन्नईला यायची होती. तिकीट काढलेलं होतं.

रावांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता व्याख्यान. पण त्यांनी कागद घेतला आणि किनाऱ्याचा नकाशा काढायला लावला. वाध्यार कोठें बसले होते? छत्रीचा रंग? तुझी पाठ कोणीकडे? लाट उजवीकडून आली की समोरून? चिकटपट्टी सुटली ती एकदम की हळूहळू? मी उत्तरं देत होतो आणि माझी लाज वाढत होती. शेवटी ते म्हणाले, "वाडै अजून आठ-दहा दिवस अहे. मग समुद्र निवतो आणि वाळू परत येते. मग तुझी अंगठी माझ्या आजोबांनाही मिळायची नाहीं. सरी, बरें. उदईक सहाला ये. एकटा पाण्याजवळ जाऊं नको."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही रोज सकाळी जाऊ लागलो. वीस मिनिटं पाहायचं, मग पाय. त्या वीस मिनिटांत ते मला समुद्र वाचायला शिकवत. सात लाटा लहान, मग तीन मोठ्या, मोठ्या येऊन गेल्या की पुढे सरकायचं. समुद्राला पाठ दाखवायची नाही. यंत्र मनगटाला बांधायचं नाही, ओढलं तर सोडून द्यायचं. आणि मुख्य म्हणजे, दोन्हीकडे फेस फुटतो आहे आणि मध्येच एक पट्टा गुळगुळीत, शांत दिसतो आहे, तर तिथे जायचं नाही. "लोक तेथेंच जातात," ते म्हणाले. "लेकराला घेऊन तेथेंच जातात. शांत अहे म्हणतात. अरे बा, किनाऱ्यावर आलेलें पाणी परत जातें तें त्याच वाटेनें. माणसालाही नेतें." मग जराशाने म्हणाले, "नेलें तर भांडूं नको. हातपाय मारून किनाऱ्याकडे येऊं पाहतो तो दमून बुडतो. आडवा जा, किनाऱ्याला समांतर. वाट अरुंद असते."

मी मान डोलावत होतो. माझं सगळं लक्ष यंत्राच्या आवाजाकडे होतं.

पहिले चार दिवस झाकणं, एक सेफ्टी पिन, एक जोडवं. पाचव्या दिवशी अंजलै अक्काने दुरूनच हात हलवला, "सार, इन्नैक्कु कडल सरि इल्लै!" आज समुद्र ठीक नाही. राव मांडीएवढ्या पाण्यात थबकले, तेवढ्यात यंत्रातून एक आवाज आला. झाकणाचा आवाज मला आता ओळखता येत होता. हा तो नव्हता. हा बारीक, गोल, स्वच्छ होता. रावांनी कमरेला अडकवलेलं जाळीचं फावडं काढून खुपसलं, लाट आली, खड्डा बुजला. पुन्हा खुपसलं, पुन्हा बुजला. त्यांनी मान वर करून समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुरे. बाहेर चल."

"मामा, एक मिनिट! इथंच आहे ती!"

"सांगट्लों ना, बाहेर."

मी त्यांच्या हातातलं फावडं ओढून घेतलं आणि दोन पावलं पुढे गेलो. खरं सांगायचं तर पुढचं पाणी इतकं शांत होतं की मला हायसं वाटलं. कऱ्हाडात कृष्णेत पोहणारा माणूस मी. पुढच्या क्षणी पायाखालची वाळू कोणीतरी सतरंजी ओढावी तशी ओढली गेली आणि मी किनाऱ्यापासून लांब चाललो होतो. फार वेगाने, आणि जराही आवाज न होता. मी अर्थातच सगळं विसरलो. किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारू लागलो.

शिट्टी ऐकू आली. मग धप्पकन माझ्या शेजारी तो निळा कॅन पडला. मी त्याला मिठी मारली. "भांडूं नको! आडवा! आडवा!" राव ओरडत होते. दोरी धरून ते पाण्यातून किनाऱ्याला समांतर चालत होते, सत्तरीचे पाय रोवत, आणि मला तिरकं ओढत होते. दोन्ही हातांनी. यंत्र त्यांनी कधीच टाकून दिलेलं होतं.

मी वाळूवर आलो आणि पोटातलं खारं पाणी ओकलो. राव बाजूला बसून धापा टाकत होते. काही वेळाने लाटांनी यंत्रही बाहेर आणून टाकलं. त्यांनी ते पंच्याने पुसलं आणि पिशवीत घातलं. त्या दिवशी फळ्यावरचा आकडा शून्य झाला आणि संध्याकाळी माझ्या दाराखालून एक छापील फॉर्म आत आला : अपघात अहवाल. अपघाताचं कारण त्यांनीच भरून ठेवलं होतं, 'पुण्याची घाई'. मी ते खोडून 'कऱ्हाडची' असं केलं आणि सही करून परत दिला.

"आतां तूं येऊं नको," ते म्हणाले. "मी पाहतों."

मी गेलो नाही. खरं कारण असं की मी भ्यालो होतो. पण दिवेलागणीच्या आधी ऑफिसातून लवकर निघालो की बसमधून ते मला किनाऱ्याच्या रस्त्याला लागलेले दिसत. हेल्मेट, कॅन, यंत्र. वाडै पडला, समुद्र निवला, तरी ते जातच होते. मला वाटायचं, म्हातारा माझ्यासाठी जातोय.

आई आली. तिला स्टेशनवरून आणलं, तेव्हापासून मी उजवा हात खिशात ठेवून वावरत होतो. जेवताना खिशात ठेवता येईना. पहिल्याच घासाला तिने बोटाकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं, वेष्टीपासून कॅनपर्यंत. ती ऐकत राहिली. माझं सांगून झाल्यावर तिने ताटातला भात चिवडला आणि विचारलं, "पाण्यात किती लांब गेला होतास?" मी म्हटलं, "फार नाही." ती म्हणाली, "खोटं बोलू नकोस." आणि उठून हात धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू होता.

रविवारी दुपारी म्हणाली, "त्या गृहस्थांना सांगू, आता शोधू नका म्हणावं. चल."

किनाऱ्यावर तोबा गर्दी होती. पतंग, भाजलेली कणसं, कपड्यांसकट पाण्यात उतरलेली कुटुंबंच्या कुटुंबं. गर्दीत एके ठिकाणी पाण्याचा एक तुकडा रिकामा होता. दोन्हीकडे लाटा फुटत होत्या, मधला पट्टा गुळगुळीत. त्या पट्ट्याच्या तोंडाशी, घोट्याएवढ्या पाण्यात, राव इकडून तिकडे यंत्र फिरवत होते. दोन लेकरांचे हात धरून एक बाप त्या बाजूला आला. रावांनी शिट्टी फुंकली, पिवळ्या हेल्मेटखालून कडक चेहरा केला आणि तमिळमध्ये ओरडले, इथे काम चालू आहे, पलीकडे जा. बापाने हेल्मेटकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, आणि मुकाट्याने पलीकडे गेला.

मी जवळ गेलो. "मामा, ही माझी आई."

"नमस्कार, नमस्कार. अरे बा, हें धर जरा." यंत्र माझ्या हातात देऊन ते दुसऱ्या घोळक्यावर शिट्टी वाजवायला धावले.

यंत्र फार हलकं लागलं. मी खालचं झाकण उघडलं. आत बॅटरी नव्हती. कप्प्यात मीठ साचून सगळं हिरवं-पांढरं झालं होतं. ज्या दिवशी त्यांनी ते पाण्यात टाकलं, त्याच दिवशी ते मेलं होतं.

राव परत आले आणि माझ्या हातातलं उघडं झाकण त्यांनी पाहिलं. चोरी पकडल्यासारखे हसले.

"मामा, मग रोज काय शोधताय?"

"शोधत नाहीं रे. उभा राहतों." ते आईकडे वळून बोलू लागले, जणू तिला ते जास्त पटेल. "तें चालत होतें तेव्हांही रविवारीं मी हेंच करत होतों. म्हातारा माणूस रिकाम्या हातानें उभा राहून 'तेथें जाऊं नका' म्हणाला, तर कोण ऐकतो? बायका पाहायला आला म्हणतील. हातांत मिशिन असली, डोक्याला हेल्मेट असलें, तर सरकारी काम म्हणतात. वाट देतात."

"किती जणांना अडवलंत आजवर?" आईने विचारलं.

"मोजतां येत नाहीं, अम्मा. जो गेलाच नाहीं, त्याला कसें मोजायचें?" मग म्हणाले, "कारखान्यांत माझा निरोप समारंभ झाला. हार घातला. मॅनेजर भाषणांत म्हणाले, रावसाहेब नशीबवान, त्यांच्या वेळीं कांहीं घडलेंच नाहीं, त्यांना काम असें नव्हतेंच. सगळे हसले. मीही हसलों." ते आताही हसले. हसता हसता त्यांची नजर आमच्यावरून पाण्याकडे गेली, कारण कॉलेजची पाच-सहा पोरं त्या बाजूला वळत होती.

आई माझ्याकडे वळली. "तुझे बाबा असते तर त्यांनी आधी तुझ्या थोबाडीत दिली असती," ती म्हणाली, "आणि मग ह्यांना घरी जेवायला नेलं असतं." मग रावांना म्हणाली, "अंगठी राहू दे समुद्रात. माझं पोरगं तुम्ही दिलंत. चला, घरी चला, गरम वाढते."

"आज नाहीं यायचें, अम्मा. रविवार अहे. अंधार पडेपर्यंत गर्दी असते."

आईने चपला काढून माझ्या हातात दिल्या. साडीचा ओचा खोचला आणि त्या शांत पाण्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पोरं तिच्यापाशी पोचली, तशी ती अस्सल कऱ्हाडी आवाजात म्हणाली, "ए, इकडं न्हाय! तिकडं जा, तिकडं!" त्यांना शब्द एक कळला नसेल. पोरं गुमान मागे वळली. रावांनी तोंडाशी नेलेली शिट्टी खाली घेतली आणि आईकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण एका हातात शिट्टी होती आणि दुसऱ्यात कॅनची दोरी.

मी मेलेलं यंत्र उचललं आणि दोघांच्या मध्ये उभा राहून ते वाळूवरून फिरवू लागलो. सूर्य इमारतींच्या मागे गेला, दिवे लागले, माणसं पोरांची डोकी पुसत हळूहळू घराकडे निघाली. त्या संध्याकाळी तिथे काहीच घडलं नाही.